हापशीचं पाणी आणि पोरीची मुलाखत

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय लंबू,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझ्या पोरीच्या नोकरीच्या मुलाखतीत काय झालं ते सांगून, तिचे डागाळलेले दात करून घ्यावेत का असं तू विचारलंस, ते सात मिनिटांचं बोलणं तीनदा ऐकलं. पहिल्यांदा बसमध्ये, तेव्हा निम्मं कळलंच नाही. रात्री गॅलरीत उभं राहून पुन्हा ऐकलं. सकाळी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "फोन नका करू, नीट लिहा." म्हणून बसलोय. फोनवर आपण दोघंही असल्या गोष्टी हसण्यावारी नेतो, तुला माहीतच आहे.

पोरीला विचारलं काय, तर "खर्रा खाते का?" आणि तेही हॉटेल मॅनेजमेंट पुरं केलेल्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या पोरीला, नागपुरात, चार माणसांसमोर. मुलाखत घेणाऱ्या त्या बाईला मी दुष्ट म्हणणार नाही. तिने आयुष्यात तपकिरी दात पाहिले ते पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेल्या माणसांचे. डाग दिसला की खर्रा, एवढंच तिचं गणित. पण म्हणजे आपल्या पोरीला दातांच्या रंगावरून नुसतं नापास केलं नाही, तिच्यावर एक व्यसनही चिकटवून पाठवलं. ती तोंडावर ओढणी धरून जेवते असं तू सांगितलंस ना, तिथे माझा घास अडकला.

तुला एक सांगितलेलं नाही. १९९८ साली मी नागपूरला एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, मुलाखतीला गेलो होतो, आठवतं? बीएस्सी झालेल्या आपल्याकडच्या प्रत्येक पोट्ट्याला तेव्हा एमआरच व्हायचं असे. बॅग, टाय, मोटरसायकल. आदल्या रात्री मी मामाच्या घरामागे बसून विटेचा तुकडा पाट्यावर बारीक वाटला, त्यात मीठ घातलं आणि बोटाने दात घासले. लिंबूही पिळलं. अर्धा तास. हिरड्यांतून रक्त आलं, सकाळी गार पाण्याची गुळणी मेंदूपर्यंत गेली. आरशात पाहिलं तर डाग जिथल्या तिथे, उलट थोडे चकाकले. आत जाऊन औषधांची नावं, डोस, सगळं घडाघडा बोललो. बोलताना डावा हात आपोआप ओठावर जायचा. साहेब चांगला माणूस होता. चहा पाजला आणि म्हणाला, "तुला सगळं येतं रे, पण डॉक्टरांसमोर उभा राहणार तू कंपनीचा चेहरा म्हणून." घरी येऊन मी सांगितलं की जागा आधीच भरलेली होती. तुलाही तेच सांगितलं. मग एका वितरकाच्या गोदामात स्टॉक लिहायची नोकरी धरली. खोक्यांना दात दाखवावे लागत नाहीत.

गंमत म्हणजे गावात असताना आपल्याला दात हा विषयच नव्हता. वर्गात ज्याचे दात पांढरे तो बाहेरून आलेल्या मास्तरांचा मुलगा. बाकी सगळ्यांच्या दातांवर कुठे खडूसारखे पांढरे पट्टे, कुठे चहाच्या कपाच्या तळासारखा डाग, कुठे बारीक खड्डे. मी यवतमाळला वसतिगृहात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझं नाव "खर्रा" पडलं. मी तर सुपारीसुद्धा खात नव्हतो. तेव्हा पहिल्यांदा आरशात नीट पाहिलं. तुझं बरं होतं, तू शेती धरलीस. आणि त्या आधी सैन्याच्या भरतीत तू दातांत पास झालास हे मी विसरलेलो नाही. ते लोक दातांचे गुण मोजतात. पुढच्या दाताला एक, मोठ्या दाढेला दोन, पूर्ण तोंडाचे २२, आणि १४ असले की पुरे. चावता येतं का, एवढंच. तुला छातीने पाडलं, दातांनी नाही.

हे पाणी आपल्याला कुठून लागलं ते पोरीला सांग, कारण तिला वाटत असेल की आपणच घाणेरडे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर मारून हापश्या बसवल्या. शाळेजवळची हापशी त्यातलीच. विहिरीच्या पाण्याने हगवण व्हायची, नारू व्हायचा, म्हणून ती हापशी म्हणजे देवीच वाटायची सगळ्यांना. पाणी काचेसारखं, गार, वास नाही, चव नाही. फक्त ते खोल खडकातून यायचं, आणि आपल्या पट्ट्यात, पांढरकवड्यापासून किनवटपर्यंत आणि तिकडे चंद्रपूरकडे, खडकातलं फ्लोराइड त्यात उतरतं. लिटरमागे १ मिलिग्रॅम असलं तर ठीक, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचं, असं आपल्याकडचं मानक आहे. त्याच्या वर गेलं की लेकरांच्या दातांचं पांढरं कवच नीट घडत नाही. आणि हे सगळं कधी होतं, तर दात जबड्याच्या आत तयार होत असताना. पुढच्या दातांचं कवच चार-पाच वर्षांच्या आतच बनून जातं. सातव्या वर्षी दात वर येतो तेव्हा त्याचा डाग ठरलेला असतो. पोरगी ब्रश करते की नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून तर दात साफ करून घेऊनही डाग जात नाही, तो वर बसलेला नसतोच. माझ्या आजीचे दात मशेरीने काळेभोर होते, पण ते तिने स्वतः काळे केलेले. लहानपणी ती विहिरीचं पाणी प्यायलेली. खाली दात ठणठणीत होते, ऐंशीव्या वर्षी ऊस सोलायची.

काल रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. अमेरिकेत कोलोराडोमध्ये १९०१ साली मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य दवाखाना टाकायला गेला, तर गावच्या लोकांचे दात असेच तपकिरी. लोक कारणं सांगायचे, डुकराचं मांस, वाईट दूध, काय वाट्टेल ते. खरं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे १९३१ साली कळलं. तीस वर्षं! पण मॅकेला आणखी एक गोष्ट दिसली होती, की हे डागाळलेले दात सहजी किडत नाहीत. त्यावरून पुढे तिकडे उलटाच उद्योग सुरू झाला. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स नावाच्या शहराच्या पाण्यात मोजून थोडं फ्लोराइड घालायला लागले, दात किडू नयेत म्हणून. ते आपल्यासारखं नाही, डाग पडणार नाही इतकंच.

आता पुढचं वाच, यासाठीच एवढं लिहिलं. शेरी ग्लीड आणि मॅथ्यू नायडेल या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१० साली हिशेब छापला, की लहानपणी असं मोजून फ्लोराइड घातलेलं पाणी मिळालेल्या बायका मोठेपणी किती कमावतात. न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त. पुरुषांच्या पगारात मात्र काहीच फरक नाही. आणि बायकांतही हा फरक मुख्यतः गरीब घरांतून आलेल्यांचा. त्यांनी तपासलं की चांगल्या दातांच्या बायका जास्त काम करतात का, वेगळ्या धंद्यांत जातात का. तसं फारसं दिसलं नाही. गिऱ्हाईक आणि मालक तोंड बघून वागतात, हेच कारण त्यांना संभवनीय वाटलं. लंबू, आपल्या पोरीची अख्खी कुंडली आहे रे ही. मला दातांनी गोदामात ढकललं, तरी मी तिथून वर चढलो, हिशेब शिकलो, आज ठीक चाललंय. पुरुषाला मागच्या दाराने आत यायला जागा असते. ती काउंटरवर उभी राहायला शिकली आहे. "प्रेझेंटेबल मुली पाहिजेत" असल्या जाहिराती मुलांसाठी कधी वाचल्यास का?

आता माझं पाप. हे तुझ्या वहिनीलासुद्धा कालच सांगितलं.

गेल्या वर्षापासून मला आमच्याकडे मुलाखतींना बसवतात. समोर छापील कागद असतो, विषयज्ञान, संवाद, व्यक्तिमत्त्व, प्रत्येकाला दहापैकी गुण. सेल्सच्या जागेसाठी एक पोट्टा आला. हुशार. बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरायचा, "फ" आणि "व" नीट निघत नव्हते त्यामुळे. मी व्यक्तिमत्त्वात ४ लिहिले. शेजारच्या साहेबांनीही ४ लिहिले. तो "थँक्यू सर" म्हणताना हसला आणि मला दात दिसले. आपलेच दात, लंबू. आडवे तपकिरी पट्टे, मधल्या दोन दातांवर सगळ्यात गडद. अर्जावर पत्ता पाहिला तर माहूर तालुका. मी तोंड उघडून एवढंच म्हणू शकलो असतो की साहेब, हा पाण्याचा डाग आहे, व्यसनाचा नाही. पण तसं म्हटलं असतं तर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं. माझे वरचे सहा नकली आहेत हे तिथे कुणालाच ठाऊक नाही. मी कागद पुढे सरकवला आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. यादी दुसऱ्या दिवशी लागली, त्यात तो नव्हता.

तर आता तुझा प्रश्न, दात करून घ्यावेत का. हो, घ्यावेत. जगाने आधी सुधारावं आणि मग पोरीने नोकरीला लागावं, एवढा वेळ तिच्याकडे नाही. पण मी केलं तसं करू नको. २०११ साली मी इथे वरच्या सहा दातांवर चिनी मातीचे पातळ पापुद्रे बसवून घेतले, व्हेनियर म्हणतात. चाळीस हजारांच्या वर गेले. त्यासाठी आपलं चांगलं कवच पुढून घासून काढतात, ते परत येत नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी पापुद्रे बदलावे लागतात. माझा एक गेल्या दिवाळीत चिवडा खाताना निसटला. मी चार दिवस रजा टाकली, लोकांना ताप आला म्हणून सांगितलं. एकविसाव्या वर्षी पोरीच्या मागे हे लावून देऊ नको.

आधी तिला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन जा. खाजगीपेक्षा खर्च बराच कमी येतो, फक्त सकाळी लवकर जाऊन नंबर लाव आणि दोन-चार खेपांची तयारी ठेव. डाग वरवरचा असेल तर आम्लाची आणि बारीक पावडरीची पेस्ट लावून कवचाचा अगदी पातळ थर काढतात, सुईसुद्धा लागत नाही. त्यावर भागलं नाही तर ब्लीच, आणि मग जिथे खड्डे असतील तिथे दाताच्या रंगाचं काँपोझिट. त्याला कधी कधी डागडुजी लागते, पण मूळ दात शाबूत राहतो. दोन तासांत हिरॉइनसारखं हसू असली पोस्टर बघून कुठे शिरू नको. आणि खरं सांगतो, विटेची पूड, राख, लिंबू, तिने काही सुरू केलं असेल तर आजच बंद कर. मी विचारलं म्हणून नको सांगू, तू स्वतः बघ. पोरी सांगत नाहीत.

पैशाचं मी बघतो. यावर वाद नको. १९९८ साली एसटीच्या तिकिटाचे पैसे तूच दिले होतेस.

तिला पुढच्या मुलाखतीत कुणी विचारलंच, तर खाली मान घालू नको म्हणावं. "आमच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड आहे, हा फ्लोरोसिस आहे," एवढं सरळ सांगावं, इंग्रजीत सांगितलं तर अजून बरं. नोकरी मिळेल न मिळेल, समोरच्याला निदान खर्रा आणि पाणी यातला फरक कळेल. मला हे वाक्य पन्नाशीला येईपर्यंत बोलता आलं नाही.

अजून एक, आणि याचं उत्तर मला लगेच पाहिजे. तुझ्या धाकट्या भावाचं लेकरू आता दीड वर्षाचं झालं ना? शाळेजवळच्या हापशीला मध्ये लाल रंग मारला होता, पिऊ नका म्हणून. मागच्या खेपेला आलो तेव्हा तो रंग उडालेला दिसला आणि बाया तिथे रांगेत होत्या. नळ दोन दिवसांआड येतो हेही मला माहीत आहे. पाणी उकळून देतो असं तुझ्या भावाची बायको म्हणाली होती. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. त्याचे पुढचे दात आत्ता जबड्यात बनताहेत. त्याला कोणतं पाणी पाजता, वरण कोणत्या पाण्यात शिजतं, ते घरात विचारून मला कळव. हापशीचं असेल तर दोन बाटल्या भरून, वर तारीख लिहून, इकडे येणाऱ्या कुणाच्याही हाती पाठव. मी इथे तपासून घेतो.

काकूंना नमस्कार. पोरीला म्हणावं, काकाने फोटो मागितलाय, तोंड उघडून हसतानाचा.

तुझाच,
खर्रा