स्वातंत्र्याचा कायदा कलमांसकट शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट जवळ आला की ‘भारत ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे’, ‘१९४७ साली नुसते सत्तांतर झाले’ असे संदेश दरवर्षी फिरू लागतात. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात आलेल्या मुलामुलींच्या गटांतूनही ते पुढे जातात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. दोष त्या मुलांचा नाही. भारतीय स्वातंत्र्याचा कायदा, १९४७ त्यांना ‘४ जुलैला विधेयक, १८ जुलैला राजाची संमती, दोन राष्ट्रे’ एवढ्यावर आटोपून शिकवला जातो. मूळ कायदा अवघ्या २० कलमांचा आणि ३ परिशिष्टांचा आहे. एका बैठकीत वाचून होतो.

भाडेपट्ट्याची शंका कलम ६ वाचले की उरतच नाही. नव्या राष्ट्राच्या विधिमंडळाने केलेला कायदा इंग्लंडच्या कायद्याशी विसंगत आहे म्हणून रद्दबातल ठरणार नाही, असे ते सांगते. १५ ऑगस्टनंतर ब्रिटिश पार्लमेंटने केलेला कायदा आपल्या विधिमंडळाने स्वीकारल्याखेरीज इथे लागू होणार नाही, असेही ते सांगते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ब्रिटिश पार्लमेंटचा कोणताही कायदा, खुद्द हा स्वातंत्र्याचा कायदासुद्धा, बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार ते आपल्याला देते. आपल्या घटनेच्या अनुच्छेद ३९५ ने १९३५ च्या भारत सरकार कायद्याबरोबर हा कायदाही रद्द केला. त्या घटनेवर गव्हर्नर जनरलची संमती घेतलेली नाही. घटना समितीने ती स्वतःच्या अधिकारात स्वीकारली. मालकाचा कागद फाडून टाकण्याची मुभा कोणत्या भाडेकरूला असते?

२६ जानेवारी १९५० पर्यंत सहावे जॉर्ज नावापुरते भारताचे राजे होते, हे खरे आहे. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाकडे, जाणारी अपिले तर १० ऑक्टोबर १९४९ पर्यंत चालू होती. पण ती बंद केली ती आपल्याच घटना समितीने केलेल्या कायद्याने. अधिकार कोणाच्या हातात होता, हे त्यावरून दिसते.

कलम ८ आणि १८ कडे सहसा कोणी वळत नाही. १५ ऑगस्टच्या सकाळी कर कोणत्या कायद्याने घ्यायचा, न्यायालये कशाच्या आधारे चालवायची, हा प्रश्न खरा होता. त्यासाठी घटना समितीलाच तात्पुरते विधिमंडळ केले, १९३५ चा कायदा जरूर ते फेरफार करून हंगामी घटना म्हणून ठेवला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे पुढे चालू ठेवले. १८६० ची दंडसंहिता १ जुलै २०२४ पर्यंत चालली ती पुढे घटनेनेही जुने कायदे चालू ठेवले म्हणून. तिच्यामागे कुठला गुप्त करार नव्हता.

संस्थानांबाबतचे कलम ७ आपल्या भागाला सर्वांत जवळचे, आणि नेमके तेच चुकीचे शिकवले जाते. ‘संस्थानांना भारत, पाकिस्तान किंवा स्वतंत्र राहणे असे तीन पर्याय कायद्याने दिले’ हे वाक्य अनेक नोट्समध्ये आहे. कायद्यात पर्यायांची अशी यादीच नाही. संस्थानांवरील ब्रिटिश राजाची सार्वभौम सत्ता आणि त्यांच्याशी झालेले तह १५ ऑगस्टला संपतील, एवढेच कलम ७ म्हणते. कोणत्याही राष्ट्रात सामील व्हायला कायद्याची आडकाठी नाही, हे कलम २ मध्ये आहे. मात्र सगळेच तह एका रात्रीत संपले असते तर जकात, दळणवळण, टपाल आणि तार ठप्प झाली असती; म्हणून या विषयांवरचे करार कोणा एका पक्षाने मोडेपर्यंत किंवा नवे करार होईपर्यंत चालू राहतील, अशी तरतूद जोडली. बाकीची पोकळी सामीलनाम्याने, म्हणजे राष्ट्रात सामील होण्यासाठी संस्थानिकाने सही केलेल्या कराराने, भरली. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय केंद्राकडे आले. म्हणजे सामीलनाम्यावर सही झाल्यावरही भोर, फलटण, औंध, सांगली इथला अंतर्गत कारभार संस्थानिकांकडेच होता. त्यांचे मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले ८ मार्च १९४८ ला, कोल्हापूरचे १ मार्च १९४९ ला. सामील होणे आणि विलीन होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. निजामाने तर पहिलीही पायरी चढली नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला त्याने वर्षभराचा जैसे थे करार तेवढा केला, आणि मराठवाड्याला सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावे लागले.

कायद्याची खरी उणीव कलम ३ आणि ४ मध्ये आहे. बंगाल आणि पंजाबची अंतिम हद्द सीमा आयोगाच्या निवाड्याने ठरेल, मग तो निवाडा १५ ऑगस्टच्या आधी येवो वा नंतर, असे कायद्यानेच म्हटले. तोवर परिशिष्टांतली जिल्ह्यांची यादी तात्पुरती धरायची होती. त्या यादीत मुर्शिदाबाद आणि गुरुदासपूर पाकिस्तानात होते. खुलना यादीत नसल्याने भारतात राहत होते. सीमा आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ यांचा निवाडा तयार असूनही प्रसिद्ध झाला १७ ऑगस्टला. मुर्शिदाबाद भारताकडे आले, खुलना पाकिस्तानात गेले, आणि गुरुदासपूरच्या चार तहसिलींपैकी शकरगड सोडून तीन भारताला मिळाल्या. स्वातंत्र्याच्या दिवशी लागलेले झेंडे दोन-तीन दिवसांत उतरवावे लागले. अधिकारी, पोलीस आणि लोक यांना आपण कोणत्या देशात आहोत हे ठाऊक नसताना सत्ता बदलली. एवढा मोठा धोका कायद्यातच लिहून ठेवला होता, आणि आपण तो विद्यार्थ्यांना दाखवतसुद्धा नाही.

शिक्षकांना आणि क्लासचालकांना आमचे सांगणे असे. पहिल्या तासाला कलमे १, ६, ७ आणि ८ या क्रमाने वाचून घ्यावीत आणि शेवटी अनुच्छेद ३९५ जोडून दाखवावा. दुसऱ्या तासाला फाळणीपूर्व बंगाल आणि पंजाबचा कोरा जिल्हा-नकाशा द्यावा. परिशिष्टांतले जिल्हे मुलांनी पेन्सिलीने रंगवावेत, मग निवाड्याची रेषा शाईने ओढावी. पेन्सिल आणि शाई जिथे जुळत नाहीत तिथेच प्रश्न विचारावेत. सुरुवात पंजाबपासून करावी; बंगालमध्ये दिनाजपूर, नदिया असे जिल्हेच दुभंगल्याने रेषा किचकट होते.

आपल्या वृत्तपत्राने येत्या १५ ऑगस्टच्या पुरवणीत कलम ६ आणि ७ चा मराठी अनुवाद आणि पहिल्या दोन परिशिष्टांतल्या जिल्ह्यांची यादी छापावी, ही विनंती. अर्धे पान पुरेल.

– कायद्याचे काही निवृत्त अध्यापक, पुणे