वेस्टर्न भयपट: पैसा राक्षसावर नको, रात्रीवर घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमी खर्चातल्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी काउबॉयच्या काळातल्या, भयपटांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात सगळा भर टोप्या, घोडे आणि राक्षसाच्या मुखवट्यावर आहे. हे सिनेमे मुखवट्यामुळे क्वचितच पडतात. पडतात ते बंदुकीमुळे आणि रात्रीमुळे.

वेस्टर्नमध्ये बंदूक प्रश्न सोडवते, भयपटात ती अपुरी पडावी लागते. राक्षसाला गोळी लागतच नाही असं दाखवलं, की प्रेक्षकाला ती लबाडी वाटते. त्यापेक्षा त्या काळच्या हत्यारातली अडचण वापरा. १८७३च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला खण सहा, पण जाणकार काडतुसं पाचच भरत. रिव्हॉल्व्हरचा घोडा (काडतुसावर आपटणारी हातोडी) रिकाम्या खणावर टेकवत, नाहीतर धक्क्यानेही बार उडे. पाच बार झाले की बाजूची झडप उघडून एकेक टरफल सळईने ढकलायचं आणि एकेक काडतूस भरायचं, तेही अंधारात. हे न कापता सलग दाखवा. वेगळा खर्च शून्य. फक्त पटकथेत बार मोजून ठेवा. एक जरी जास्त उडाला तर सगळी भीती गेली.

आता रात्र. उघडं माळरान उजळायला जनरेटर आणि क्रेन लागते, म्हणून लांबचे शॉट दिवसा घेऊन रात्रीचे भासवावेत: सूर्य पात्रांच्या पाठीमागे, आकाश चौकटीबाहेर, एक्सपोजर दोन स्टॉप कमी (म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश एक चतुर्थांश), व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विन (कॅमेऱ्याची रंगजुळणी, जिने ऊन निळसर दिसतं). भर दुपार टाळा, डोक्यावरच्या सूर्याच्या आखूड सावल्या लगेच चुगली करतात. कंदील मात्र उन्हात पेटलेला दिसतच नाही. त्यामुळे कंदिलाजवळचे क्लोजअप खऱ्या रात्रीच घ्या आणि काचेमागे, कॅमेऱ्याला न दिसेल असा, पिवळसर एलईडी लपवा. दिवसाच्या आणि रात्रीच्या शॉटचा निळेपणा जुळत नाही. रंग दुरुस्तीत दिवसाच्या शॉटमधला रंग उतरवावा लागतो.

कॉर्न सिरपचं (मक्याच्या पाकाचं) खोटं रक्त धुळीतही चमकत राहतं, वर माश्या जमतात. थोडी कोको पावडर घालून गडद करा, वरून बारीक माती चाळा.

संगीतावर तर खर्च नकोच. ‘बोन टॉमाहॉक’ (२०१५) हा वेस्टर्न भयपट २१ दिवसांत चित्रित झाला आणि त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. वारा, खोगिराची करकर, टापा वेगळ्या ध्वनिमुद्रित करा. घोडा चौकटीत नसला तरी चालतो.

आणि ब्लँक, म्हणजे गोळी नसलेली, फक्त दारू भरलेली काडतुसं वापरूच नका. जवळून त्यांचा गरम वायू आणि दारूवर ठासलेला बोळाही जीव घेऊ शकतो. बार न उडणारी प्रतिकृती घ्या आणि नळीवरचा झोत संकलनात टाका. सेकंदाला २४ फ्रेममध्ये त्याला एकच फ्रेम पुरते.

आपला,
एक चित्रपट तंत्रज्ञ