ताई, 120 चे 56 होतात हे तुम्ही पाहिलंत

उद्यमनगर, कोल्हापूर

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. पण पत्र मात्र उघडच लिहितोय. ड्रायव्हर, म्हणजे चिपमधला एखादा भाग लिनक्सकडून चालवून घेणारा कोड. तो लिहिणाऱ्याचं नाव फाइलीच्या डोक्यावर असतं. तो वाचून तपासणाऱ्याचं नाव कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या, तळाशी ‘रिव्ह्यूड-बाय’ एवढ्या एका ओळीत असतं, आणि तिथपर्यंत सहसा कोणी खाली जात नाही. त्या एका ओळीमागे तुमच्या किती संध्याकाळी गेल्या, हे मला ठाऊक आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेचा जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, भोगावतीच्या काठाला आहे. पंप चालू-बंद करणारी पेटी आम्ही इथे उद्यमनगरात बनवतो, आत लिनक्स चालणारा छोटा बोर्ड. शेतीची लाईट रात्रीची असते. पेटी मध्येच हँग झाली की पाटकरी मामा बॅटरी घेऊन उसातून जॅकवेलपर्यंत जायचे, स्विच पाडायचे, परत उचलायचे. हे थांबावं म्हणून वॉचडॉग टायमर वापरायचं ठरलं. हा चिपमधलाच एक स्वतंत्र काउंटर. तो उलटं मोजत असतो. प्रोग्रॅमने ठरल्या वेळेत येऊन ‘मी जागा आहे’ असं सांगितलं, म्हणजे पिंग केला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नाही सांगितलं तर मोजणी शून्यावर येते आणि चिप रिसेट होते.

चिपवाल्यांचा नमुना कोड होता, त्यावरून मी ड्रायव्हर लिहिला. 30 सेकंदांवर तपासला, 60 वर तपासला, दोन्हीकडे बरोबर चालला. राजारामपुरीत तुमच्या घरी प्रिंट काढून आणला, कारण कागदावर वाचल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही. चहा निवून गेला तरी तुम्ही दुसऱ्याच पानावर होता. मग पेन्सिलीने समासात एवढंच लिहिलंत: ‘120 सांगितले तर 56?’

मी घरी येऊन आकडेमोड केली. घड्याळ 32768 हर्ट्झचं, 32 ने भागलेलं, म्हणजे सेकंदाला 1024 ठोके. 120 सेकंदांचे 122880. हा आकडा ठेवायचा चिपमधला कप्पा, म्हणजे रजिस्टर, 16 बिटांचं, त्यात 65535 च्या वर काही मावत नाही. वरचा बिट गळून जातो आणि उरतात 57344. भागिले 1024, बरोबर 56. आमचा प्रोग्रॅम 120 च्या निम्म्याने, म्हणजे दर 60 सेकंदांनी पिंग करणार होता. धडधाकट पेटी दर 56 व्या सेकंदाला रिसेट झाली असती, आणि तिच्याबरोबर मोटर मिनिटामिनिटाला थांबून पुन्हा सुरू झाली असती. एका रात्रीत वाइंडिंग जळालं असतं. 30 आणि 60 दोन्ही आकडे 16 बिटांत मावतात, म्हणून माझ्या तपासणीत हे कधीच दिसलं नसतं.

दुरुस्ती तुम्ही लिहून दिली नाहीत. ‘हार्डवेअरची मर्यादा मिलिसेकंदांत कर्नलला सांग, मधले पिंग तो बघून घेईल,’ एवढं म्हणालात. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. मी विचारलं, मधले पिंग कर्नलच करत राहिला तर अडकलेला प्रोग्रॅम कळणार कसा? त्यावर तुम्ही वहीच्या पाठपानावर रेघ ओढलीत. वरच्या प्रोग्रॅमचा शेवटचा पिंग कधी आला ते कर्नल लक्षात ठेवतो. आपला शेवटचा पिंग तो असा बेतून देतो की हार्डवेअरची मुदत नेमकी 120 व्या सेकंदाला संपावी. ते पान मी फाडून आणलं, माझ्या टेबलावर काचेखाली आहे.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती दुसरी चूक. ड्रायव्हरला काय काय येतं ते सांगणाऱ्या यादीत मी ‘मॅजिक क्लोज’ लिहायचं विसरलो होतो. एक शब्द. तो असला की वॉचडॉगची फाइल बंद करण्याआधी प्रोग्रॅमला ‘व्ही’ हे अक्षर लिहावं लागतं. ते लिहिलं तरच पहारा उठतो, नाहीतर मोजणी चालूच राहते. तो शब्द नसला आणि ‘नोवेआउट’, म्हणजे एकदा सुरू झालेला पहारा उठूच न देणारा पर्याय, तोही लावलेला नसला, तर फाइल बंद झाली की पहारा संपला. तुम्ही विचारलंत, ‘प्रोग्रॅम क्रॅश झाला तर त्याच्या उघड्या फाइली कोण बंद करतं?’ कर्नल. म्हणजे ज्या क्षणासाठी राखणदार ठेवला, नेमक्या त्याच क्षणी त्याला सुट्टी मिळत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. कोड कंपाइल होत होता, चालत होता, आणि मामांना पुन्हा उसातून जावंच लागलं असतं.

तिसरं बूटलोडरचं. आमचा बूटलोडर, म्हणजे पेटी सुरू होताना लिनक्सच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, वॉचडॉग आधीच सुरू करून देतो आणि माझा ड्रायव्हर आल्या आल्या तो बंद करत होता. ‘तू आल्यापासून प्रोग्रॅम उठेपर्यंत राखण कोणाची?’ असं तुम्ही विचारलंत. आता ड्रायव्हर आधी रजिस्टर वाचतो. मोजणी चालू असेल तर तसं कर्नलला कळवतो, आणि प्रोग्रॅम फाइल उघडेपर्यंत कर्नल पिंग करतो. प्रोग्रॅम उठलाच नाही तर काय, हाही प्रश्न तुमचाच, त्यासाठी ‘ओपन टाइमआउट’, म्हणजे कर्नलने किती वेळ वाट पाहायची याची मुदत, लावला. रीस्टार्टच्या फंक्शनमध्ये मी झोपणारा डिले घातला होता. त्या वेळी कर्नलला झोपायची मुभा नसते, तोही तुम्ही काढायला लावलात.

तुम्ही तेव्हा राधानगरीचं उदाहरण दिलं होतंत. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडायला मध्यरात्री कोणाला जावं लागत नाही, पाणी त्या पातळीला आलं की ते आपले उघडतात. ‘तसं कर,’ म्हणालात. दुसरं कोणी असतं तर अर्ध्या तासात सगळा कोड बदलून दिला असता आणि मीही धन्यवाद म्हणून घेतला असता. तुम्ही चार आवृत्त्या वाट पाहिलीत. प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून वाचलंत, मागच्या खेपेला बरोबर म्हटलेलं पानसुद्धा. मी कंटाळलोय हे दिसत असूनही घाई केली नाहीत. तेवढा वेळ मला कोणी दिला नव्हता, ताई.

शेवटी तुम्ही एक सूचना केली होतीत, ती मला तेव्हा बिनमहत्त्वाची वाटली होती. रिसेट कशामुळे झाला ते चिपच्या रजिस्टरमधून वाचून बूट-स्टेटसमध्ये ठेव, म्हणजे नंतर कळेल. ठेवलं.

गेल्या आठवड्यात पेटीची नोंद वाचत होतो. रात्री 2 वाजून 41 मिनिटांनी शेवटची ओळ. पुढची ओळ 2:44 ची: पंप पुन्हा चालू, मागच्या रिसेटचं कारण वॉचडॉग. सकाळी मामांना फोन करून विचारलं, रात्री पंप थांबला होता का?

‘थांबला असंल तर मला ठावं न्हाई बाबा. डोळा लागलावता. पाणी शेवटच्या सरीपतोर पोचलंय न्हवं!’

नोंदीचं ते पान छापून पत्रासोबत पाठवतोय. समास मोठा ठेवलाय. पेटी मुळात कशामुळे अडकली, ते मी अजून शोधतोय. सापडलं की प्रिंट घेऊन येतो.

आपला,
उद्यमनगरातला तुमचा विद्यार्थी