विकेटच्या रकान्यातलं शून्य

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू नीट बोलला नाहीस. चार षटकांत अकरा धावा, विकेट एकही नाही, आणि सामनावीराची ट्रॉफी दुसऱ्या टोकाकडून टाकणाऱ्या तुझ्या मित्राला. "तो चांगलाच आहे हो बाबा, पण..." एवढं म्हणालास, मग 'बक्षिसंच बंद करा' असं पुटपुटून फोन आईकडे द्यायला सांगितलास. तो 'पण' रात्रभर डोक्यात राहिला, म्हणून लिहायला बसलोय.

बावीस वर्षं मी इथे स्कोअर लिहितोय. धाव निघाली नाही की टिंब. सहा टिंबं झाली की ती रेघांनी जोडून एम काढायचा, झालं निर्धाव षटक. त्यातलं एखादं टिंब गोलंदाजानं चकवल्याचं असतं, एखादं पॉइंटवरच्या पोरानं कोपर सोलून चौकार अडवल्याचं. वहीत दोन्ही सारखीच. अडवलेल्या धावेला रकानाच नाही. आणि बक्षीस ठरवणारे शेवटच्या षटकात टेबलापाशी येतात, माझ्या खांद्यावरून वाकतात आणि सगळ्यात मोठा आकडा शोधतात.

एकदा मीही तेच केलंय. तालुक्याच्या स्पर्धेत आयोजकांनी घाईघाईत विचारलं, "नाव सांगा." मी साठ धावा करणाऱ्याचं सांगितलं. त्यातल्या निम्म्या सामना हातात आल्यावरच्या होत्या. त्याआधी तीन गडी झटपट गेले असताना एक पोरगा तासभर पाय रोवून उभा राहिला होता, बावीस धावांवर. पाहुण्यांचं भाषण चालू असताना तो खाली मान घालून किटबॅगची चेन लावत होता. चेन अडकत होती. ते मला अजून खुपतं.

तू डावखुरा फिरकीवाला, म्हणून नाशिकच्या बापू नाडकर्णींचं सांगतो. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य विकेट. त्यातली २१ षटकं लागोपाठ निर्धाव. विकेटच्या रकान्यात शून्य असलेलं हे पृथक्करण साठ वर्षं लोकांच्या तोंडी आहे.

बार्बाडोसचा २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना आपण शेजारी बसून पाहिला. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, तू उशी तोंडावर धरली होतीस. अठराव्या षटकात बुमरानं यान्सनचा त्रिफळा उडवला आणि दिल्या फक्त दोन धावा. सामनावीर झाला विराट, ५९ चेंडूंत ७६. मला विचारशील तर त्या दिवशीचा मान बुमराचा होता. त्याला स्पर्धावीर केलं, तरीही. पण ३ बाद ३४ वरून डाव कुणी सावरला, हेही मी विसरत नाही. आणि आपण जिंकलो सात धावांनी. सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा तो झेल धरला नसता तर तिथेच सहा गेल्या असत्या. सांग, एक नाव कसं काढायचं?

तरी बक्षिसंच बंद करा, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. ट्रॉफी घरात आल्यावर बापाला पोराचं खेळणं पहिल्यांदा पटलं, अशी घरं मी पाहिली आहेत. बक्षीस राहू दे, बघणारे डोळे बदलू देत. १९९६ मध्ये जॉर्जटाउनला न्यूझीलंडनं वेस्ट इंडिजला चार धावांनी हरवलं, तेव्हा अख्खा संघ सामनावीर ठरला. २००० साली जोहान्सबर्गच्या पावसात वाहून गेलेल्या कसोटीत तो मान खेळपट्टी सांभाळणाऱ्या माणसांना मिळाला. म्हणजे बघायचं ठरवलं की दिसतं. मी आता आयोजकांना स्पष्ट सांगतो, शेवटचा चेंडू पडू द्या, दोन्ही पंचांना विचारा, मग नाव घ्या. कधी ऐकतात, कधी नाही.

तुझ्या मित्राचं मनापासून अभिनंदन कर. त्यानं चेंडू टाकले म्हणूनच विकेटी पडल्या. आणि एक काम कर, तुमच्या स्कोअररकडून त्या डावाच्या पानाचा फोटो मागून मला पाठव. त्याच्या चार विकेटींपैकी किती तुझ्या षटकानंतरच्या षटकात पडल्या, ते मला टिंबं मोजून बघायचंय.

तुझे,
बाबा