रारोटोंगा सहल : तिकीट काढण्याआधी हे वाचा

सर्व सभासदांना नमस्कार,

जुलैच्या शाळेच्या सुट्टीतल्या कुक आयलंड्स सहलीचं विमान आणि हॉटेल ज्याचं त्याने बघायचं ठरलंय, म्हणून तारखांबद्दल आधीच सांगतो. ऑकलंडहून रारोटोंगा, म्हणजे कुक आयलंड्सचं मुख्य बेट, साधारण चार तासांवर, पण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते आणि ती ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते. शनिवारी सकाळी निघालात की तिथे शुक्रवार दुपार! म्हणजे हॉटेल शुक्रवारपासून हवं. परतताना उलटं : शनिवारी दुपारी निघालेला माणूस ऑकलंडला रविवारी संध्याकाळी उतरतो. रजेचा अर्ज त्या हिशोबाने भरा.

भारतातून आलेल्या आईबाबांना नेणार असाल, तर त्यांच्या न्यूझीलंड व्हिसावर पुन्हा प्रवेश करता येतो ना, हे आजच तपासा. बाकी सगळ्यांपेक्षा हे महत्त्वाचं.

चलन आपलाच न्यूझीलंड डॉलर. बेटाभोवतीचा रस्ता ३२ किलोमीटर. बस एक घड्याळाच्या दिशेने, एक उलटी, चुकायची सोयच नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे भाजी-फळं शनिवारी सकाळीच पुनांगा नुई बाजारातून घ्या. लोणची-मसाले नेलेत तर विमानतळावर फॉर्ममध्ये लिहा, लपवू नका.

पोहायला मुरी किनाऱ्याचं उथळ पाणी उत्तम. प्रवाळकड्यातल्या खिंडींजवळ मात्र कोणीही जायचं नाही, पट्टीचे पोहणारेसुद्धा. तिथला प्रवाह थेट खुल्या समुद्रात ओढून नेतो.

ऐतुताकी या दुसऱ्या बेटावर एक दिवस जायचं असेल त्यांनी रविवारपर्यंत इथेच नाव कळवा.