मशीनच्या आधी मीटर बघ

चि. सोनू,

तू पाठवलेला मिग वेल्डिंग मशीनचा, म्हणजे वायर आणि गॅसवर चालतं त्याचा, फोटो बघितला, मशीन चांगलंय, पण तुला आत्ता त्याची गरज नाही असं माझं मत. मिग घेतलं की सीओटूचा सिलिंडर आला, तो भरून आणणं आलं, आणि तुझ्या पार्किंगच्या शेडमधे वारा आला की गॅस उडून जाणार आणि वेल्डला भोकं पडणार. बिनगॅसची वायर मिळते खरी, पण तिला गन मायनसला जोडावी लागते आणि धूर पण जास्त. तू टेबलांचे पाय करणार, म्हणजे २५ बाय २५ मिमीचा स्क्वेअर पाईप, १६ गेजचा, म्हणजे पत्रा दीडेक मिमी जाड. त्याला सिंगल फेज २०० अँपचं इन्व्हर्टर आर्क मशीन, म्हणजे रॉडने वेल्डिंग करायचं, भरपूर झालं.

खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नकोस. मागच्या प्लेटवर ड्यूटी सायकल बघ, ६० टक्के असेल तर १० मिनिटांत ६ मिनिटं चालवायचं नि ४ मिनिटं थंड होऊ द्यायचं, आणि ते किती अँपला ते पण शेजारीच लिहिलेलं असतं, नसेल तर ते मशीन घेऊच नकोस.

आता खरी गोष्ट, घरचं कनेक्शन. अडीच मिमीचा रॉड ७०-८० अँपवर चालवलास तर १६ अँपचा सॉकेट पुरतो, पण सव्वातीनचा रॉड लावून १२० वर गेलीस की मशीन लाईनमधून २० अँपच्या वर ओढतं आणि मग थ्री पिन टॉप वितळतो. म्हणून मेन बोर्डापासून वेगळी ६ स्क्वेअर मिमीची कॉपर वायर, ३२ अँपचा सी टाईप एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट, आणि अर्थिंग तपासून घे. मीटरला किती लोड मंजूर आहे ते बिलावर लिहिलेलं असतं ते पण बघ. मी उद्यमनगरात शिकत होतो तेव्हा जुनं ट्रान्सफॉर्मरचं धूड होतं, आर्क मारला की शेजारच्या चहावाल्याचा बल्ब मंद व्हायचा आणि तो शिव्या घालायचा! एक्स्टेंशनची रीळ गुंडाळलेली ठेवून कधीच चालवू नको, आतल्या आत तापते.

रॉड ६०१३ नंबरचा घे, नंबर पाकिटावर असतो. होल्डर, म्हणजे रॉड धरायचा चिमटा, प्लसला की मायनसला ते पण तिथंच असतं. पाईपला अडीचचा रॉड आणि ६५-७० अँप, तरी भोक पडत असेल तर २ चा रॉड घेऊन ५० वर ये. आधी चारी कोपऱ्यांना समोरासमोर टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मार, दोन्ही कर्ण मापून बघ, मग भर. एकाच बाजूने भरत गेलीस तर फ्रेम वाकडी होणार, आणि ती हातोडीने सरळ करताना तुला माझी आठवण येईल. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाईप स्वस्त मिळतो म्हणून आणू नकोस, जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो.

तुझी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भुशाची. तू तिथंच लाकूड कापतेस, रंधा मारतेस, थिनरचे डबे पण तिथंच. ठिणगी भुशात पडली तर लगेच पेटत नाही गं, आत धुमसत राहते आणि आपण जेवायला गेलो की जाळ होतो. त्यामुळे वेल्डिंग शेडच्या बाहेर, फरशीवर, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथंच बस, बादलीभर वाळू जवळ ठेव. ओढणी नको, नायलॉनचा टॉप नको, जाड सुती फुल बाह्यांचा शर्ट, चामड्याचे ग्लोव्हज आणि बंद बूट. हेल्मेट ऑटोवालं घे, आर्क पेटला की काच आपोआप काळी होणारं, काचेचा नंबर १०-११.

एकदा नुसता टाका तर मारायचाय म्हणून मी काच न लावता मारले होते आठ-दहा, रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं, तुझ्या आजीने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. तू बटाटा ठेवू नको, सरळ डॉक्टरकडे जा.

मशीनची ऑर्डर अजून देऊ नकोस. आधी मीटरचा आणि बोर्डाचा फोटो पाठव, मी बघून फोन करतो. वेल्डवरची पापडी काढायचा माझा चिपिंग हॅमर आणि ब्रश इथंच पडलाय, पुढच्या रविवारी येताना घेऊन येतो, तू भंगारातले पाईपचे तुकडे तेवढे जमवून ठेव.

तुझे बाबा