प्रिय नंद्या, गिटार पुन्हा वाजव

पुणे, रविवार

प्रिय नंद्या,

सप्रेम नमस्कार. तुझा मेल आणि आपल्या भावगीतासाठी वाजवलेल्या गिटारची फाईल, दोन्ही मिळाले. गिटार सुरेख वाजवलंयस आणि तरीही ते पुन्हा वाजवायला सांगणार आहे. ते का, हे फोनवर सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच वाक्याला भडकला असतास, म्हणून सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बस.

आधी तुझ्या प्रस्तावाबद्दल. पुढच्या शनिवारी चौघांनी ऑनलाइन बसून गाणं एकदा सलग वाजवावं, म्हणजे त्यात जीव येईल, असं तू लिहिलंस. आपल्या तबलजी बापूकाकांना ते सांगितलं, तर ते मिरजेहून फोनवर एवढंच म्हणाले, "मी सम इथं देणार, तो तिथं कधी घेणार?" माणसानं आयुष्यात इंटरनेटवर बिलं भरण्यापलीकडे काही केलेलं नाही, पण नस बरोबर पकडली. आकडेमोड मी करून दाखवतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे माझ्यापासून दहा मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठोका मला जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. लयीला धरून वाजवायचं तर माणसाला साधारण एवढाच उशीर सोसतो. त्यापलीकडे दोघंही एकमेकांची वाट बघायला लागतात आणि लय हळूहळू मंदावत जाते. आता नेदरलँड्समधलं तुझं आइंडहोवन ते पुणे सरळ रेषेत सुमारे सात हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे एका बाजूनं जायलाच ३५ मिलिसेकंद गेले. आणि तार काही सरळ येत नाही. तांबड्या समुद्रातून वळसा घालत मुंबईच्या किनाऱ्याला लागते, वर दोन्हीकडच्या कॉम्प्युटरचा वेळ. त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट तरी धर. तुझी गिटार एका मैदानाच्या या टोकाला आणि काकांचा तबला त्या टोकाला, असं समज. जॅमुलस आणि जॅकट्रिप ही दुरून एकत्र वाजवायची दोन्ही सॉफ्टवेअरं मी वापरून बघितली आहेत. जॅकट्रिप तर स्टॅनफर्डच्या संगीत संशोधन केंद्रातून आलंय. एकाच शहरात, फार तर शेजारच्या जिल्ह्यात, चांगल्या लाईनवर ती झकास चालतात. पण प्रकाशाचा वेग कुणालाच वाढवता येत नाही.

साध्या व्हिडिओ कॉलचं तर नाव काढू नकोस. मुक्तानं नाशिकहून चाल ऐकवली तेव्हा तिच्या शेजारी तानपुरा चालू होता आणि आम्हाला फक्त मुक्ता ऐकू येत होती. अखंड, एकसारखा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं त्या सॉफ्टवेअरला शिकवलेलं असतं. त्यानं आपला षड्ज कचरा म्हणून बाहेर टाकला. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं म्हणा, पण मला त्या अपमानाची मौज वाटली.

तेव्हा एकत्र वाजवणं नाही. एकामागून एक वाजवणं, एवढंच आपल्या हातात आहे. आणि एकामागून एक म्हटलं की आधी कोण, हा प्रश्न येतो. माझ्या मते सगळं गाणं त्याच्यावर ठरतं.

तुझी पद्धत मला माहीत आहे. मिनिटाला ९६ ठोक्यांची टिकटिक, म्हणजे क्लिक, लावायचा, त्यावर गिटार, मग बाकीच्यांनी त्यावर आपापलं चढवायचं. जगात निम्म्याहून जास्त गाणी तशी होत असतील, आणि रॉकसाठी ते ठीकच आहे. पण आपलं गाणं दादऱ्यातलं भावगीत आहे, लेका. मुक्ता मुखडा ज्या लयीत घेते त्याच लयीत अंतरा घेत नाही. अंतऱ्याची दुसरी ओळ वर जाते तिथं ती जरा रेंगाळते, आणि अंतरा संपवून परत वळवणाऱ्या क्रॉस लाइनवरून मुखड्यावर येताना सावरून घेते. काका तिथं तिच्या श्वासाकडे कान लावून असतात. खोलीत समोरासमोर बसल्यावर हे आपोआप होतं. क्लिकवर गायला लावलं की ती बिचारी शाळेच्या घंटेबरहुकूम रेंगाळणार.

म्हणून मी क्रम उलटा केला. आधी मुक्ता, नुसत्या तानपुऱ्यावर आणि मी पेटीवर धरलेल्या कच्च्या साथीवर. तिनं घरातल्या कपाटाचं दार उघडं टाकून साड्यांकडे पाठ करून गायलंय. इतका कोरडा, नेटका आवाज मला भाड्याच्या स्टुडिओतही क्वचित मिळालाय. मग तिचा आवाज मिरजेला गेला आणि काकांनी तिच्यावर ठेका धरला. मग त्या दोघांची प्रत्येक सम मी कॉम्प्युटरवर खूण करून बांधली. त्याला टेम्पो मॅप म्हणतात हे तुला सांगायला नको. आता क्लिक आहे, पण तो त्यांच्या मागून चालतो. मुखड्यात ९६ च्या आसपास, अंतऱ्यात ९३ पर्यंत उतरतो, परत चढतो. तो क्लिक आणि दोघांचा कच्चा मिक्स सोबत पाठवलाय. तुला गिटार याच्यावर वाजवायची आहे. सुरुवातीला दोन आवर्तनं मोजून दिली आहेत. आणि खरं सांगू का, क्लिक बंद ठेवून काकांच्या डग्ग्यावर वाजवलीस तर जास्त आवडेल.

तुझी आत्ताची गिटार ताणून-आखडून मॅपवर बसवता आली असती. बसवून पाहिलीही. ठोके जागेवर आले, पण मधल्या तारांची झणझण रबरासारखी लांबली. नको ते.

आता सुराचं. गाणं काळी चारमध्ये आहे, म्हणजे तुझा जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपोचा चिमटा लावून जीची बोटं धरतोयस ते बरोबरच आहे. पण बाबांची पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराची नाही. जुन्या पेट्यांचे सूर घासून जिथं लावले तिथंच राहतात आणि ही साधारण २० सेंटनी वर आहे, म्हणजे एका अर्ध्या स्वराचा पाचवा भाग. पेटीला कान पिळता येत नाही, म्हणून तानपुरा आणि तबला तिच्याशी मिळवलाय. तू ट्यूनर ४४५ वर ठेव आणि कॅपो लावल्यानंतर तारा मिळव. आधी मिळवून मग कॅपो लावलास तर तारा ओढल्या जाऊन आणखी वर जातात.

तानपुरा खरा आहे हं, अॅपमधला नाही. काकांच्या ओळखीनं मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतून आणलेला. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या गल्लीला त्याआधी दीडशे वर्षं कुणाच्या शिक्क्याची गरज पडली नव्हती. तारांना गुंजारव देणारी जवारी अशी लावून दिलीय की तानपुऱ्याचा ट्रॅक मी एकटाच ऐकत बसतो.

मग ती पंचमावरची कॉर्ड. क्रॉस लाइनच्या शेवटी तू डी मेजर वाजवतोस, कॅपोच्या हिशेबानं. एकटी ऐकली तर गोड आहे. पण त्यातला एफ शार्प म्हणजे आपला शुद्ध निषाद, आणि त्याच क्षणी काकांचा दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, षड्जात घुमत असतो. दोन सूर खेटून उभे राहतात आणि खुपतात. ड्रमसेट असता तर हा प्रश्नच आला नसता. तबला मात्र सुरात बोलतो. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपसूर विस्कळीत असतात. तबल्यावरच्या काळ्या शाईच्या वजनामुळे ते एकमेकांशी जुळतात. हे सी. व्ही. रामननी १९२० मध्येच दाखवून दिलंय, नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी. तेव्हा तबल्याला ठेका देणारा पोरगा समजू नकोस, तो पाचवा सूरवाला आहे. त्या जागी डी सस फोर धर. त्यातला जी म्हणजे षड्जच, तबल्याच्या गळ्यात गळा. पुढच्या मात्रेला मेजरवर उतरायचं असेल तर उतर, तोवर दायाँची आस विरलेली असते.

तुझ्या फाईलबद्दल एक. ती सेकंदाला ४४.१ हजार नमुन्यांची आहे आणि आपला प्रोजेक्ट ४८ हजारांचा. ४४.१ हा सीडीचा आकडा, म्हणजे तुझ्याच गावच्या फिलिप्सनं सोनीबरोबर बसून ठरवलेला, त्यामुळे तुझी गावनिष्ठा समजू शकतो. पण रूपांतर न करता ती ४८ वर वाजली तर काळी चारचं गाणं पांढरी सहा आणि काळी पाचच्या अधेमधे लटकतं, आणि वेगही वाढतो. या वेळी ४८, २४ बिट, मोनो, आणि गाण्याच्या अगदी शून्यापासून, तुझी गिटार पहिल्या अंतऱ्याला सुरू होत असली तरी. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर लागतात. साडेचार मिनिटांचे ३९. फार नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलीस तर डॉक्युमेंट म्हणून, व्हॉइस नोट म्हणून नको, नाहीतर ती गिटार राहत नाही, गिटारची बातमी येते.

आता मिक्सवरच्या तुझ्या शेऱ्यांकडे.

"एम टूमध्ये हिस्स येतोय." एम टू, म्हणजे मधल्या संगीताच्या दुसऱ्या तुकड्यात, तो हिस्स नाही, पाऊस आहे. काकांची वरची खोली पत्र्याची. जोराची सर आली की थांबायचे, पण भुरभुर चालू असताना वाजवलंय. बारीक आवाज कापणारा गेट लावून बघितला, तर दोन बोलांच्या मधली आस कापली जाते आणि तबला लाकडी खोक्यासारखा लागतो. मग फक्त वरच्या पट्टीत थोडा कमी केला आणि बाकी राहू दिला. त्या दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं चामडं) सतत सुरातून उतरत होती. काका प्रत्येक टेकनंतर हातोडी घेऊन गठ्ठे ठोकायचे, शेवटी गजऱ्यावर. तुझ्याकडच्या हीटरच्या कोरड्या हवेत उलटं होईल.

"डग्गा ऐकूच येत नाही." तू फोनवर ऐकलंस ना? फोनच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर काढताच येत नाहीत. डग्ग्याचा मूळ घुमारा त्याच्या कुवतीच्या खाली राहतो. आवाज वाढवून उपयोग नाही. थोडंसं सॅच्युरेशन दिलं की डग्ग्याचे वरचे उपसूर उठून येतात, आणि खालचा सूर नसतानाही कान तो भरून काढतो. नव्या मिक्समध्ये तसं केलंय. पण एकदा तरी नीट हेडफोन लाव रे.

"आवाजाला मोठा हॉल दे." देणार नाही. चार जण चार खोल्यांत वाजलेत. त्यांना एका खोलीत आणायला एकच छोटा रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा घुमारा, सगळ्यांना थोडाथोडा दिलाय, तबल्याला जास्त, मुक्ताला कमी. मोठा हॉल दिला की शब्द धुक्यात जातात, आणि भावगीतात शब्द गेले तर उरलं काय? इथं मी ऐकणार नाही, मित्र असलास तरी.

"बाकीच्या गाण्यांपेक्षा बारीक आवाजात वाजतंय." वाजू दे. यूट्यूब आणि स्पॉटिफाय दोघंही मोठ्या आवाजाची गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या जोराचं माप) आसपास खाली आणून ठेवतात. आपण दाबून-चेपून मोठं केलं तर ते खाली ओढणार आणि चेपलेपण तेवढं शिल्लक राहणार.

तू लिहिलंस, असं दुरून केलेलं गाणं कधी एकजीव होतं का? होतं. द पोस्टल सर्व्हिस आठवतो का तुला, कॉलेजात तूच ऐकवला होतास. एक जण सिअॅटलला, एक लॉस एंजेलिसला, आणि टेप टपालानं जायच्या-यायच्या. बँडचं नाव त्यावरूनच. २००३ मध्ये अल्बम आला आणि मग अमेरिकेच्या टपाल खात्यानं नावावरून नोटीस पाठवली, पुढे समझोताही झाला. पण तिथं एक जण पूर्ण बीट करून पाठवायचा आणि दुसरा त्यावर गायचा. यंत्राचा ठेका कुणाच्या श्वासाची वाट बघत नाही, त्यामुळे त्यांचं त्या क्रमानं जमलं. आपल्याकडे वाट बघणारा माणूस आहे, म्हणून त्याला गाणाऱ्याच्या मागून बसवावं लागतं.

पैशांचं थोडक्यात. काकांना आपण दोघांनी मिळून जे ठरवलं ते मी पाठवलंय, त्यांनी "पोरांकडून काय घ्यायचं" म्हणत दोन दिवस फोन उचलला नाही आणि मग घेतलं. नामावलीत तबल्याच्या पुढे त्यांचं पूर्ण नाव, आणि तानपुरा लावून देणाऱ्या कारागिराचंही. तुझं अरेंजर म्हणून जाईल. मला फक्त मिक्सिंग दे, पेटीचं नाव बाबांना.

नवी गिटार पंधरवड्यात जमेल का बघ. तुझ्याकडे घड्याळ मागे जायच्या आत झालं तर बरं. आत्ता साडेतीन तासांचा फरक आहे तोवर तुझं ऑफिस सुटल्यावर फोन करता येतो, साडेचारचा झाला की मी डोळे मिटत ऐकतो आणि सगळ्याला हो म्हणतो. दोन टेक पाठव, एक तुला आवडलेला आणि एक जो तू पाठवणार नव्हतास. वहिनींना नमस्कार, आणि चिरंजीवांना सांग की व्हायोलिनचा त्याचा व्हिडिओ पाहिला, गज सरळ धरतोय.

राहता राहिलं, दुसऱ्या अंतऱ्यात मुक्ताचा "अजून" हा शब्द घाईत जातोय असं तू लिहिलंयस ते. मलाही तसंच वाटतं. पण तिला मी ते सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. चाल तुझी आहे, फोन तू कर.

तुझा,
मक्या